हट्टा ते कट्टा: नवशिक्यांसाठी

समजा, तुम्ही वसमत तालुक्यातल्या हट्ट्याचे. बीए झालात आणि सहा वर्षं कापड दुकानात साड्यांच्या घड्या घालताय. एका रात्री शटर ओढताना वाटतं, जगण्याला काहीतरी ध्येय हवं. घाबरू नका, लग्नसराई संपली की बऱ्याच जणांना असं होतं. विद्यापीठाच्या रोजगार मार्गदर्शन कक्षात चला. कुठलं विद्यापीठ ते विचारू नका, पुढे तिथंच बसायचंय.

१. आधी योजनेत शिरा, कक्षातली खुर्ची तिच्यातूनच मिळते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली आली. बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआयवाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. मुदत सहा महिने, पुढे ती पाच महिन्यांनी वाढली. म्हणजे कायमची नोकरी कशी मिळवावी, हे तुम्ही काही महिन्यांच्या बोलीवर सांगणार. गावात ‘सरकारी लागलो’ म्हणून पेढे वाटा, पण डबा लहान आणा.

२. विनोद सहन करा. महाविद्यालयांतून ‘करिअर कट्टा’ नावाचा उपक्रम चालतो. हट्ट्याचा माणूस कट्ट्यावर बसून हट्टाकट्टा झाला, हे पहिल्याच दिवशी ऐकवलं जाईल. हसा. ऐकवणारे समन्वयक नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर आहेत, त्यांना तेवढाच विरंगुळा.

३. भाव बदलून सांगायला शिका. महिना पंधरा हजार म्हटलं की पोरं उठून जातात. ‘एक लाख ऐंशी हजारांचं पॅकेज’ म्हणा, बसतात. चाकणला खोलीचं भाडं किती, हे त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका. साडीचा रंग जातो का, हेही आपण कधी आपणहून सांगितलं नव्हतं.

४. रोजगार मेळाव्याला बस्ता समजा. बस्त्याला पंधरा माणसं गादीवर बसतात, ऐंशी साड्या उलगडायला लावतात, नवरीला आवडलेली मामीला आवडत नाही आणि शेवटी ‘परभणीला बघून येतो’ म्हणून सगळे उठतात. मेळाव्यात थोडाच फरक असतो. गादीवर कंपनीवाले बसतात आणि साड्यांच्या जागी पोरं. पहाटे सोळाशे मीटर पळून पोलीस भरतीची तयारी करणारं पोरगं इस्त्रीचा शर्ट घालून उभं राहतं. त्याला उलगडतात, उजेडात धरतात, इंग्रजी बोलायला लावतात. मग ‘कळवतो’ म्हणतात. मोडलेल्या घड्या परत घालायचं काम, तुम्ही ओळखलंच असेल, तुमचंच. अनुभव इथं कामी येतो.

५. फोटो काढा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांतला पाचवा विद्यार्थ्यांचं साहाय्य आणि प्रगती यांचा. कितीजण नोकरीला लागले, पुरावा काय, हे त्यात विचारतात. फोटोवर अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत. पोरगं कुठं लागलं हे माहीत नसलं तरी चालेल, ते कुठं उभं होतं हे उपग्रहाला माहीत पाहिजे.

६. ध्येय सापडण्याची वेळ. ही बहुधा दुपारी जेवणानंतर येते. समोर आपल्याच भागातला मुलगा बसतो. घरी दोन एकर हळद. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आता पिकवणाऱ्याच्या पोराला मानांकन द्यायचं काम तुमच्याकडं. तो तुमच्याकडं निरखून बघतो. ‘दादा, तुम्ही दुकानात होता ना? ताईचा बस्ता तुम्हीच बांधला होता.’ मग कागद पुढं सरकवतो. आधारवर नाव एक, गुणपत्रिकेवर दुसरं, वडिलांचं तिसरंच. तीन ठिकाणी अर्ज बाद झालेत, कारण कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही दोन तास बसता, कुठला अर्ज कुठं द्यायचा ते लिहून देता, सेतूत कुणाला भेटायचं तेही सांगता. उठताना तो पाया पडायला वाकतो. घशात काही दाटलं, तर तेच ध्येय. अहवालात त्याला रकाना नाही, त्यामुळे सोडून द्या. फोटोही राहिलाच.

७. मुदत संपताना. तुम्ही त्याच विद्यापीठाचे पदवीधर, म्हणून ‘नोकरीस लागलेले माजी विद्यार्थी’ या यादीत स्वतःचं नाव घाला. पुराव्याला रुजू झाल्याचं पत्र जोडा, कार्यमुक्तीचं नको. मग दुकानाच्या मालकाला फोन लावा. तुळशीचं लग्न जवळ असेल तर लग्नसराईसाठी काउंटरवर माणूस हवाच असतो.