लेखक जगवावा कसा : कर्जत-खालापूरच्या नवशिक्यांसाठी

ही पत्रिका कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या रहिवाशांसाठी आहे. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर उतरणाऱ्यांनाही ती लागू आहे. त्यांनी ती गेटवरच्या ‘कुत्र्यापासून सावध’ पाटीशेजारी लावावी. पूर्वानुभवाची अट नाही. पुस्तक विकत घेण्याचा अनुभव नसेल तर उत्तमच, घासाघीस करायची सवय मोडावी लागत नाही.

लागणारं सामान : एक लेखक किंवा लेखिका, शक्यतो जिच्या घरात आधी कुणी लिहीत नव्हतं अशी, पंचवीस-तीस माणसं, हिशेबाची एक वही, थोडी रोकड. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ लागत नाहीत. सवयीनं आणलेच असतील तर नारळ फोडून खोबरं वाटून टाकावं आणि शालीचे पैसे वहीत जमा करावेत.

लेखक सापडणं अवघड नाही, फक्त व्यासपीठाकडे बघून चालत नाही. खोपोलीच्या कारखान्यात पाळी करणारा, आश्रमशाळेतली शिक्षिका, बचत गटाची सचिव, पाच सत्तावीसच्या लोकलमध्ये मोबाइलवर टाइप करत उभी असलेली मुलगी, अशा ठिकाणी बघावं. आपल्या डोंगरातल्या ठाकरांवर ल. ना. चापेकरांनी लिहिलेलं पुस्तक आहे. इंग्रजीत, ऑक्सफर्डनं १९६० साली छापलेलं. आता एखाद्या ठाकरवाडीतल्या मुलीनं फार्महाऊसवाल्यांच्या चालीरीतींवर लिहायचं ठरवलं, तर ऑक्सफर्डचा माणूस कशेळ्याला येणार नाही. ते काम तुमच्याकडे आहे.

पहिला धडा नेरळला घ्यावा. नारायण सुर्वे अखेरच्या वर्षांत तिथं राहत. गिरणी कामगारानं वाढवलेला, महापालिकेच्या शाळेत शिपाई राहिलेला हा कवी. १९६२ साली त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आला. ते गेले २०१० मध्ये. २०२४ च्या जुलैत त्यांच्या बंद घरात चोर शिरला आणि टीव्ही वगैरे घेऊन गेला. पुन्हा आला तेव्हा भिंतीवरचा फोटो आणि सन्मानचिन्हं पाहून घर कुणाचं ते त्याला उमगलं. त्यानं नेलेल्या वस्तू आणून ठेवल्या आणि माफीची चिठ्ठी भिंतीला चिकटवली. कवीच्या घरातून नेलेलं कुणी आपणहून परत केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. नवशिक्यानं निदान इथवर पोचावं. आजवर ‘सप्रेम भेट’ म्हणून मागून नेलेल्या प्रती मोजाव्यात, मागच्या पानावरची किंमत पाहावी आणि पैसे पोचते करावेत. चिठ्ठी ऐच्छिक.

दुसरा धडा खालापूरच्या टोलनाक्यावर. द्रुतगती मार्गाच्या पूर्ण प्रवासासाठी मोटारीला २०२३ पासून ३२० रुपये टोल पडतो. तिथं काच खाली करून ‘आपल्याला काही कन्सेशन?’ असं कुणी विचारत नाही. दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहासमोरही तसंच गप्प बसायचा सराव करावा.

इथवर सोपं होतं. खरी गोम आहे ती पैसे कधी द्यायचे, यात.

आपल्याकडचा वीटभट्टीवाला साहित्याच्या चळवळीत नसतो, पण आगाऊ रकमेचं महत्त्व त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. पावसात कातकरी कुटुंबाच्या हातात पैसा नसतो, तेव्हा तो रक्कम ठेवतो आणि दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर नेतो. रक्कम फिटता फिटत नाही, ही त्यातली लबाडी. पुस्तकाच्या धंद्यातली तऱ्हा याहून अजब आहे : इथं काम करणारा लेखकच मालकाला आगाऊ रक्कम देतो. ‘निर्मितीखर्चात आपला वाटा’ म्हणून पैसे घ्यायचे, पाचशे प्रती छापल्याचं सांगायचं, दोनशे त्याच्याच खाटेखाली रचायच्या. बायकोचे दागिने सोनाराकडे ठेवून निघालेले पहिले संग्रह आपल्या भागात काढायला लागलो तर ही पत्रिका संपणार नाही.

यावरचा उतारा याच तालुक्यात सापडला आहे, फक्त भाताच्या बाबतीत. कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनं आदिवासी वाड्यांमध्ये धान्य बँका उभ्या केल्या. पावसाळ्यात घरातलं संपलं की बँकेतून भात उचलायचं, कापणीनंतर थोडं वाढवून परत करायचं. सावकाराची पायरी चढायची नाही. कणगी वाडीची, हिशेब वाडीचा. आपल्याला नेमकी हीच बँक काढायची आहे, भाताच्या जागी कागद धरून.

शहरात हे झालेलं आहे. दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात ‘ग्रंथाली’ सुरू केली ती वाचकांची चळवळ म्हणून. वाचकांनी आधी वर्गणी भरायची, पुस्तकं त्यांना कमी किमतीत मिळायची. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० साली ग्रंथालीनं काढलं. दुसऱ्याच वर्षी ‘उपरा’ला साहित्य अकादमी मिळालं. असली पुस्तकं कोण वाचणार, ही शंका तेव्हाही होतीच. पैसे भरून बसलेल्या वाचकापुढे ती फार टिकली नाही.

त्याच सुमारास मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ काढलं. ‘जेजुरी’ १९७६ मध्ये त्यातूनच आली. हे चौघे काही वंचित नव्हते, पण पुस्तक निघावं की नाही हे दुसऱ्याच्या हातात ठेवायचं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते ठाऊक असणं महत्त्वाचं, कारण पैसा देणाऱ्याला मत असतं. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नाटक १८५५ साली दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. समितीनं ते नाकारलं. उलट शाहू महाराजांनी ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये दिले, पण ३१ जानेवारी १९२०च्या पहिल्या अंकात काय असावं ते आंबेडकरांनीच ठरवलं. त्याच ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’नं घेतली नाही. देणगीदारांनी पहिली गोष्ट टाळावी, दुसरी गिरवावी, तिसरी लक्षात ठेवावी.

आता कृती. पंचवीस-तीस जणांच्या गटानं शंभर जणांकडून दीडशे रुपये आगाऊ घ्यावेत; पंधरा हजार होतात. पावती लगेच द्यावी. यातून सर्वांत आधी लेखिकेचं मानधन काढून तिच्या हातात ठेवावं, मग छापखान्यात जावं. क्रम उलटला तर मानधन उरत नाही, हा निसर्गनियम आहे. छापखाना सोळा पानांच्या फॉर्मवर चालतो, म्हणून संग्रह ऐंशी पानांत बसवावा. पण एक्क्याऐंशिव्या पानावरची कविता सर्वांत चांगली असली तर फॉर्म वाढवावा, कविता कापू नये. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. ‘मिळवून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, तेव्हा तिथं तो आकारणाऱ्याला चहाही देऊ नये. प्रती शंभर मागणीच्या आणि पन्नास वरच्या, एवढ्याच काढाव्यात. खाटेखालची जागा ट्रंकेसाठी मोकळी ठेवावी.

साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाला अर्ज जरूर करावा. फक्त तो मंजूर होईस्तोवर लेखिका नवी राहील, या भरवशावर थांबू नये.

पैसे देणाऱ्यानं प्रस्तावना लिहू नये. त्याचा फोटो मलपृष्ठावर नको, आतही नको. प्रमाण भाषेत ‘जरा सुधारून’ देण्याची तयारी कुणी दाखवली तर त्याला प्रुफं न देता टेम्पोतून गठ्ठे उतरवायच्या कामाला लावावं. कातकरी बोलीतला शब्द कळला नाही तर लेखिकेला विचारावं. ती सांगेल, किंवा सांगणार नाही. गटात भांडण होईल. ‘असो’, ‘फक्त’, ‘येरू’ ही अनियतकालिकं काढणाऱ्यांचंही आपसात सगळं गोडीगुलाबीनं चाललं नव्हतं. वही मात्र ज्याच्याशी कुणाचंच पटत नाही त्याच्याकडे द्यावी, हिशेब चोख राहतो.

विक्री झाली की आलेली रक्कम पुन्हा कणगीत. पुढच्या पावसाळ्यात पुढचं पुस्तक. पहिली लेखिका आता निवड समितीवर बसेल आणि तुम्ही सुचवलेला कवी नाकारेल. तो तुमचा मेहुणा असेल तर नकार घरी कसा सांगायचा, याची जबाबदारी ही पत्रिका घेत नाही.

शेवटचं काम कायद्याचं. १९५४च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवायची असते, आणखी मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. चारही गठ्ठे कर्जतच्या टपाल कार्यालयातून जातात. खर्च प्रकाशकानं सोसायचा असतो, आणि प्रकाशक आता तुम्ही आहात. लेखिकेकडे सुटे मागू नयेत.