सोमवारी कळवतो

पुण्याच्या आयटीत जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एक ‘सोमवारी कळवतो’ असतो. ऑफर लेटर आलं की त्याची चालच बदलते. एरवी मॅनेजर दिसला की मॉनिटरआड होणारा हा, आता मीटिंगमध्ये खुर्ची मागे रेलून बसतो. कॉफी मशीनपाशी ‘बघू, अजून काही ठरलं नाही,’ एवढंच पुटपुटतो आणि काय ठरलं नाही, हे कुणी विचारेपर्यंत तिथून हलत नाही.

मग एक्सेल उघडतं. एका रकान्यात सीटीसी, दुसऱ्यात हातात पडणारे. पीएफमधला कंपनीचा वाटा सीटीसीतच धरलाय. व्हेरिएबल म्हणजे मिळालं तर मिळालं. आणि ग्रॅच्युइटी? बेसिकच्या ४.८१ टक्के दाखवलीय खरी, पण हातात पडायची तर सलग ५ वर्षं काढायला हवीत. ‘मी तेवढा टिकेन का हो?’ असं तो एचआरच्या मुलीलाच विचारतो. ती बिचारी काय सांगणार! हिशेब मात्र चोख, त्यात खोट काढता येत नाही. पंचाईत एवढीच की हिशेब संपला तरी हा संपू देत नाही.

नवं ऑफिस हिंजवडीला, फेज तीनमध्ये. तेव्हा रजा टाकून तो सकाळी नऊला वाकडच्या पुलापर्यंत जाऊन ट्रॅफिक बघून येतो. महावितरणमधून निवृत्त झालेल्या मामांना फोन लावतो. ते ‘पेन्शन आहे का?’ यापलीकडे काही विचारत नाहीत. बायकोनं पहिल्याच दिवशी, मेथी निवडताना मानही वर न करता, ‘घे की’ म्हणून टाकलेलं असतं. पण इतक्या झटपट आलेलं उत्तर तो हिशेबात धरत नाही. तेवढ्यात पितृपक्ष लागतो. झालं, आता दसऱ्याआधी नाव नको.

माझं विचाराल तर असल्या निर्णयाला दोन-तीन दिवस पुष्कळ झाले. एक संध्याकाळ आकड्यांना, एक घरच्यांना. ज्याला महिना लागतो त्याला नोकरी नको असते, ऑफर हवी असते. होकार दिला की नव्वद दिवसांची नोटीस आणि पुढे नवा साहेब. नकार दिला की हाच जुना. मधल्या दिवसांत मात्र आपल्यावाचून दोन कंपन्या अडल्यात, असं वाटून तो मनातल्या मनात फेटा बांधून घेतो.

दसऱ्यानंतर तो फोन करतो तेव्हा जागा भरलेली असते. ‘तसाही मी घेणार नव्हतोच,’ हे तो सगळ्या मजल्याला सांगून येतो.

पुढे कधीतरी त्याच मुलीचा फोन येतो, दुसऱ्याच कंपनीतून.

‘तुम्ही ती सोडलीत?’

‘हो सर. शुक्रवारी ऑफर आली, शनिवारी हो म्हटलं. इथे तुमच्यासारखीच जागा आहे. पाठवू का डिटेल्स?’

‘पाठवा ना. पण मला आधी सांगा, शनिवारी तुम्ही ग्रॅच्युइटी धरली होती का?’