सोले

डिसेंबर कलला की आमच्या घरात एक हिरवा वास शिरतो. कळंबच्या बाजूला शेत असलेला माझा जुना मित्र स्कूटरच्या पुढ्यात थैली ठेवून येतो, चहा घेतो, कापसाच्या भावाला दोन शिव्या देतो आणि जाताना थैली विसरतो. ती विसरायचीच असते. थैलीत तुरीच्या ओल्या शेंगा असतात. हाताला किंचित चिकटणाऱ्या, हिरव्या अंगावर तपकिरी रेघा ओढलेल्या. वर्तमानपत्रावर ओतल्या की तो ढीग दारात उतरलेल्या वऱ्हाडासारखा दिसतो, एवढ्यांची सोय लावायची कुठं? तासाभरानं सोलून झाल्या की हाती वाडगाभर दाणे येतात आणि टरफलांचा ढीग मात्र मूळच्या ढिगाहून मोठा होऊन बसतो. जन्मभर मी कचेरीत हिशेब लिहिले, ताळेबंद जुळवले, पण हा ताळेबंद मला अजून जुळलेला नाही.

या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. वाटाणा शेंगेत असतानाही वाटाणाच असतो, पावटाही जन्मतः पावटा. सोल्याला मात्र कुणाच्या तरी बोटांतून जावं लागतं, तेव्हा त्याचं बारसं होतं. शेंग डाव्या हातात धरायची, शिवणीवर अंगठा टेकवायचा, किंचित दाबायचं. नीट दाबलं तर ती पोथीसारखी उघडते आणि आत तीन-चार दाणे शाळेच्या बाकावर बसल्यासारखे एका ओळीत. अंगठ्यानं त्यांना खाली उतरवायचं. त्यातला एखादा गंजात न पडता माझ्या तोंडात पडतो. कच्चा सोला गोड लागतो, मागाहून जरा तुरट. "खाता किती आणि सोलता किती?" हे वाक्य आमच्या घरात दर हिवाळ्यात म्हटलं जातं, आणि ज्या वर्षी ते ऐकू येणार नाही त्या वर्षी काहीतरी बिनसलं आहे असं मी समजेन.

ही मूळची पुण्याची. १९८४ च्या डिसेंबरात आमचं लग्न झालं. वऱ्हाड एस.टी.नं पुढं निघून गेलं आणि आम्ही दोघं मागाहून, मोठ्या गाडीनं मूर्तिजापूरला उतरून, शकुंतलेत बसलो. शकुंतला म्हणजे आमची यवतमाळची आगगाडी. अडीच फुटी रूळ, इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं, आणि इंग्रज जाऊन किती वर्षं लोटली तरी मालकी इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीचीच. १९९४ च्या एप्रिलमध्ये डिझेलनं त्या वाफेच्या इंजिनाला सुट्टी दिली. पुढं गाडीच थांबली, आणि आता आम्ही तिच्याविषयी माहेरी निघून गेलेल्या सुनेसारखं बोलतो. मूर्तिजापूर ते यवतमाळ अंतर जेमतेम ११३ किलोमीटर, पण ते कापायला दिवसाचा मोठा तुकडा लागे. शकुंतलेला पोहोचायची घाई कधीच नव्हती. डेक्कन क्वीनवर वाढलेल्या माझ्या नव्या बायकोनं तासाभरानं मला दबक्या आवाजात विचारलं, "गाडी बिघडलीय का?" मी म्हणालो, "नाही, चालू आहे."

कारंज्याला तिनं गुरुमाउलीला हात जोडले. तिच्या आईनं बजावून पाठवलं होतं. तिथून पुढं समोरच्या बाकावर एक म्हातारी येऊन बसली. तिनं ओटीतून शेंगा काढल्या, आमच्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि मूठभर शेंगा हिच्या पदरात टाकल्या. नव्या नवरीला रिकामं बसवत नाहीत, असं काहीसं ती म्हणाली. हिनं पहिली शेंग उघडली. आत दोन दाणे आणि एक हिरवी, गुबगुबीत, नुकतीच जेवून उठलेली अळी. ही किंचाळली आणि तिनं माझा हात घट्ट धरला. तोवर आम्ही एकमेकांना धड "अहो" आणि "अगं"सुद्धा म्हटलं नव्हतं. भर डब्यात, पंधरा-वीस अनोळखी लोकांदेखत, बायकोनं माझा हात धरला तो त्या अळीच्या कृपेनं. सगळा डबा आमच्याकडे पाहत होता. म्हातारी शांतपणे म्हणाली, "तिलेबी पोट हाये बाई." दारव्हा येईपर्यंत हात सुटला नव्हता, आणि गाडी इतकी सावकाश चालल्याबद्दल मी त्या रेल्वे कंपनीचा आजही ऋणी आहे.

घरी दुसऱ्या दिवशी आईनं फर्मावलं, "सूनबाई, सांबार निसून ठेवजो." ही चक्रावली. सांबार शिजवतात हे तिला ठाऊक होतं. ते निसतात कसं? बऱ्याच विचारानं तिनं विचारलं, "आई, इडलीचं पीठ भिजवलंय का?" आई माझ्याकडे वळली, "काय म्हणून राह्यली रे हे?" कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो हे तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. टोमॅटोला भेदरं, पातेल्याला गंज, उलथण्याला सराटा. एकाच मराठीत लग्न करूनही आम्हाला पहिली दोन वर्षं दुभाषा लागला. तो दुभाषा म्हणजे संध्याकाळी दोघींच्या मधे पसरलेला शेंगांचा ढीग. आई एकेक शेंग सोलायची आणि एकेक शब्द द्यायची.

सोलेवांगे ही शिकली ती तिथंच. सोले तेलावर कच्चा वास जाईस्तोवर परतायचे, मग पाट्यावर भरड वाटायचे. पिठासारखे वाटले तर आईच्या भाषेत "जीवच गेला" त्यांचा. हिरवी मिरची, लसूण, आलं आणि सढळ हातानं सांबार. लहान काटेरी वांगी, वरून गरमच पाणी, आणि सोबत ज्वारीची भाकर. पहिल्या वेळी हिनं त्यात गुळाचा खडा टाकला. आईनं पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि "चांगलं झालं" म्हणाली. माझ्या माहितीप्रमाणे आईनं आयुष्यात बोललेलं हे एकमेव खोटं.

आमच्या जिल्ह्याचं नाव बाहेरगावी काढलं की समोरचा माणूस आवाज खाली आणतो, दवाखान्यात आणतात तसा. गंभीर व्हावं असं इथं पुष्कळ आहे, ते मी नाकारत नाही. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे. एका निमंत्रणावरून महाराष्ट्रभर वाद पेटला होता आणि शेवटी उद्‌घाटन केलं ते वैशाली येडे यांनी, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर ओढणाऱ्या बाईनं. त्या बोलल्या तेव्हा मांडवात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. संमेलनाला आलेली माझी मेहुणी रात्री गप्प गप्प घरी आली. ताटात सोलेवांगे होते. दुसरी भाकर संपवता संपवता ती हळूच म्हणाली, "ताई, आणखी आहे का गं?" आणि लगेच ओशाळली, जणू अशा दिवशी भूक लागणं शोभत नाही. हिनं काही न बोलता वाढलं. इथले शेतकरी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरतात. पावसानं दगा दिला तर एकीनं नाही तर दुसरीनं घर सावरावं, एवढाच त्यातला विचार.

हल्ली बाजारात बायका सोललेले सोले घेऊन बसतात. बंगळुरूचा मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, तेच घ्या ना, तुमचा तास वाचेल." एकदा घेतले. तास वाचला. त्या तासात मी मोबाइल पाहिला, हिनं मोबाइल पाहिला, आणि जेवताना एकमेकांना सांगायला दोघांकडेही काही नव्हतं. एरवी आमची भांडणं मिटली आहेत ती बहुतेक शेंगांवर. ढिगाच्या दोन बाजूंना बसलं की नजर खाली असते, हात गुंतलेले असतात आणि पंधराव्या-विसाव्या शेंगेला कुणीतरी म्हणतंच, "ही पाहा, पाच दाण्यांची." एवढ्यावर तह होतो. माफी कुणी मागितली हे नोंदवलं जात नाही.

मागच्या महिन्यात पुण्याला गेलो होतो. मंडईत मी शहाण्यासारखी कोथिंबीर मागितली. शेजारच्या गाळ्यावर ही भाजीवाल्याला खडसावत होती, "अहो, सांबार ताजा द्या, हा सुकलाय." भाजीवाला म्हणाला, "ताई, समोर हॉटेल आहे."

हिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा अजून पिकायचा आहे, त्यामुळे यंदा अळ्या पाहायचं खातं माझ्याकडे आलंय. काल संध्याकाळी एका शेंगेत निघाली. तशीच हिरवी, तशीच गुबगुबीत. मी ती हळूच टरफलांखाली सारली. ही मान खाली घालून सोलतच होती.

"दिसली मला," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "अहो, ओरडू का?"

मी म्हणालो, "आधी तो गंज बाजूला ठेव."