इंग्रजीचं गाईड कसं पाडावं

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं आणि या धंद्याला बरकत आली. त्याआधी मराठी शाळेत पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची आणि त्याही आधीच्या पिढ्यांचं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर निभावत असे. आता गाईड हवं, वर्कबुक हवं, शिवाय फाडफाड इंग्रजी हवंच. लिहिणारे कमी पडताहेत. बसा.

सुरुवातीलाच सांगतो, पुस्तक कोणासाठी लिहिताय याचा तपास करू नका. मूल घरी अहिराणी बोलत असेल, गोंडी बोलत असेल; तुमच्या पहिल्या धड्यात मिस्टर शर्मा बागेत पेपरच वाचणार आणि टॉमी शेपूटच हलवणार. निबंधातल्या जिवलग मित्राचे वडील डॉक्टर ठेवा. सगळा तालुका तोच निबंध पाठ करतो, त्यामुळे तालुक्यातल्या झाडून सगळ्या मुलांचा मित्र एकच निघतो. निघू द्या, स्पेलिंग तरी चुकत नाही.

खरं कसब उताऱ्यावरच्या प्रश्नांत आहे. नमुना घ्या. उतारा: 'द ब्लिम फ्रम्ड इन द टर्व.' प्रश्न: 'व्हेअर डिड द ब्लिम फ्रम?' मुलगा 'व्हेअर' बघतो, उताऱ्यात 'इन' शोधतो आणि बेधडक लिहितो, 'इन द टर्व.' पैकीच्या पैकी मार्क! ब्लिम हा प्राणी की भांडं, हे मुलाला ठाऊक नाही, तपासणाऱ्या बाईंना नाही आणि मलाही नाही, कारण शब्द मी आत्ताच बनवले. तरी या प्रश्नाच्या डोक्यावर 'आकलन' असा मथळा छापायचा. 'ब्लिमच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?' हे मात्र चुकूनही विचारू नका. उत्तरं चाळीस प्रकारची येतात, आणि ती वाचावी लागतात.

व्याकरणात पॅसिव्ह व्हॉइस भरपूर घाला. 'अ मँगो इज ईटन बाय राम' असं जगात कोणी आंबा खाताना बोलत नाही, पण त्याला मार्क आहेत.

तळाशी बारीक अक्षरांत शिक्षकांसाठी सूचना: 'विद्यार्थ्यांच्या जोड्या करून संवाद घ्यावा.' हजेरी झाली, पोषण आहाराची नोंद झाली, बाक सरकवून जोड्या जमल्या की घंटा होते. तुमचं काम सूचना देण्याचं. ती तुम्ही दिलीत.

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतो, तेव्हा तुमच्याही छापा. मागे काय उघडतं याची फिकीर नको. घरातला एकुलता एक फोन वडिलांच्या खिशात असतो आणि वडील कामावर.

राहता राहिली उत्तरसूची. तिच्यावर मात्र जीव ओतून मेहनत घ्या, प्रुफं दोनदा तपासा. तुमच्या पुस्तकातली तेवढीच पानं वाचली जाणार आहेत.