बिनतेले

प्रत्येक सोसायटीत एक तरी बिनतेले असतात. हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव जोशी, पाटील, सावंत, काहीही असू शकतं. वयाची पन्नाशी ओलांडलेली, नोकरीची चार-पाच वर्षं उरलेली किंवा नुकतीच संपलेली, आणि लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात पडलेला. त्यात ठळक अक्षरांत छापलेला एक आकडा दोनशेच्या पुढे गेलेला असतो. तोवर या गृहस्थांचा स्वयंपाकघराशी संबंध फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटलीपुरता. रिपोर्ट आला, की 'कमी तेलातल्या आरोग्यदायी पाककृती' अशा धर्तीचं पुस्तक घेऊन ते ओट्यापाशी उभे राहतात आणि घरच्यांच्या लक्षात येतं, की आकडा एकाचा वाढलाय, पथ्य मात्र सगळ्यांना लागलंय. अशा माणसाची थट्टा करणं सोपं आहे आणि ती पुढे होणारच आहे. पण एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी : त्यांची काळजी खरी आहे, कष्टही खरे आहेत. चुकते ती पदार्थांची निवड. जे पदार्थ तेलाशिवाय होतच नाहीत, नेमके तेच पुस्तक त्यांना तेलाशिवाय करायला लावतं. आणि जे मुळातच तेल मागत नाहीत, त्यांच्याकडे ना पुस्तकाचं लक्ष असतं ना बिनतेल्यांचं.

बिनतेले ओळखावेत ते त्यांच्या सरंजामावरून. डिजिटल वजनकाटा, मापाच्या चमच्यांचा जुडगा, नॉनस्टिक कढई, तेल पुसट लावायला सिलिकॉनचा ब्रश. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० पासून मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाक शिकवला. पण त्या वाटीवर बिनतेल्यांचा विश्वास नाही. 'वाटी म्हणजे नक्की केवढी?' हा प्रश्न त्यांना तीस वर्षं त्याच वाटीतून आमटी पिऊन झाल्यावर पडतो. पुस्तकात कांदा ८५ ग्रॅम लिहिलेला असतो आणि बाजारातला कांदा काही पुस्तक वाचून वाढत नाही. तेव्हा उरलेला पंचवीस ग्रॅम कांदा झाकण घालून फ्रिजमध्ये जातो आणि दोन दिवस दुधाला वास देत राहतो. सगळ्यात आवडीनं ते वाचतात ती पानाच्या तळाशी असलेली चौकट : उष्मांक अमुक, स्निग्धांश तमुक, चौघांसाठी. यातल्या 'चौघांसाठी'कडे मात्र त्यांचं दुर्लक्ष होतं. घरातले बाकी तिघं चमचाभर चाखून लोणच्याकडे वळतात, उरलेली भाजी टाकवत नाही, म्हणून ती बिनतेलेच संपवतात. आणि चौकटीतला आकडा चौपटीच्या जवळ नेऊन ठेवतात. हिशेब ग्रॅममध्ये केला म्हणजे तो बरोबर आला असं होत नाही.

पहिला प्रयोग बहुधा दुधी भोपळ्यावर होतो, कारण दुधी कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. पुस्तक सांगतं : कढई तापवा, मोहरी कोरडीच तडतडवा, मग दोन चमचे पाणी घाला, झाली फोडणी. बिनतेले सांगितल्याबरहुकूम करतात. कोरड्या कढईतली मोहरी तडतडते खरी, पण तिला धरून ठेवायला तेल नसल्यामुळे निम्मी कढईच्या काठावरून उडून गॅसच्या बर्नरभोवती पडते. हिंग तळाला एका जागी बसतो आणि करपतो. त्यावर पाणी पडलं, की चर्र आवाज येतो, वाफेचा लोट चष्म्यावर येतो, आणि चष्मा पुसून पाहावं तर हळद पाण्यात कच्चीच तरंगत असते. यात बिनतेल्यांच्या हाताचा दोष नाही. हिंग, जिरं, कढीपत्ता यांचा वास ज्या द्रव्यांत असतो ती तेलात विरघळतात, पाण्याला दाद देत नाहीत. हळदीच्या रंगाचंही तेच. शिवाय पाणी शंभर अंशांना उकळायला लागलं, की त्याच्यापुढे तापत नाही, आणि खमंगपणा, तांबूस रंग ही सगळी मौज साधारण १४० अंशांपासून सुरू होते. म्हणजे पाण्याची फोडणी ही कमी तेलाची फोडणी नव्हेच. ते मोहरी घातलेलं गरम पाणी आहे. 'अहो, एक चमचा तेल घातलं असतं तर चौघांनी खाल्ली असती,' असं आतून ऐकू येतं. 'एका चमच्यात पंचेचाळीस कॅलरी असतात,' असं बिनतेले ठणकावतात. दोघांचंही बरोबर आहे. फक्त पंचेचाळीसला चारनं भागायचं राहून जातं. माणशी अकरा-बारा होतात, आणि तेवढ्या वाचवायला एक अख्खी भाजी बळी जाते.

दिवाळीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण आता पाहुण्यांचे दातही धोक्यात येतात. भाजलेल्या शंकरपाळ्यांची पाककृती बिनतेल्यांना फार आवडते. तळण टाळलं हा पहिला विजय. मोहन अर्ध्यावर आणलं, हा दुसरा. पण मोहन हे चैनीसाठी घालत नाहीत. कडकडीत तूप पिठाच्या कणांना चोळलं, की ते कण एकमेकांना चिवटपणे धरून राहू शकत नाहीत, म्हणून शंकरपाळं दाताखाली खुसखुशीत फुटतं. मोहन काढून घेतलं, की पीठ आपल्या मूळ स्वभावावर जातं आणि शंकरपाळं फुटायच्या ऐवजी टिकतं, पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतं. एअर फ्रायरचंही असंच. फिलिप्सनं २०१० मध्ये ते यंत्र बाजारात आणलं. आत गरम हवा जोरानं फिरते आणि पदार्थ बाहेरून कुरकुरीत होतो, हे खरं. बटाट्याच्या काचऱ्यांना, पापडाला ते साधतं. साबुदाणा वडा मात्र त्यातून बाहेर येतो तेव्हा वरून कडक आणि आतून चिकट असतो, आणि बिनतेले तो ताटलीत वाढताना 'अगदी तळल्यासारखा' म्हणतात. ज्या पदार्थाची शिफारस दुसऱ्या पदार्थाचं नाव घेऊन करावी लागते, त्यानं जिभेचं समाधान व्हायचं नाही, हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही.

आणि समाधान न होणं हीच खरी गोम आहे, कारण इथून घरातलं तेल आपला पत्ता बदलतं. त्याचे दोन पत्ते ठरलेले. पहिला, त्याच पाककृतीत. बिनतेलाच्या साबुदाणा खिचडीत चव यावी म्हणून पुस्तक शंभर ग्रॅम दाण्याचं कूट घालायला सांगतं. आणि शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं. म्हणजे कढईत एक थेंब न घालता तीन मोठे चमचे भरतील त्याहून जास्त तेल खिचडीत आलं; फक्त ते किटलीतून न येता कुटातून आलं, म्हणून काट्यावर दिसलं नाही. ओल्या खोबऱ्याचा तर तिसरा हिस्सा चरबीच. दुसरा पत्ता, चार वाजताचा डबा. समजा भाजीत दोन मोठ्या चमच्यांऐवजी एक लहान चमचा तेल घातलं. दोनशेच्या आसपास कॅलरी वाचल्या, माणशी पन्नास. संध्याकाळी, दुपारी पोटभर जेवलोच नाही या सबबीवर, मूठभर फरसाण खाल्लं, की दीडशे कॅलरी परत. शिवाय पथ्य पाळल्याचं पुण्य गाठीशी असल्यामुळे दुसरी मूठही जाते. हे काही मराठी माणसाचंच वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत नाबिस्को कंपनीनं १९९२ मध्ये स्नॅकवेल्स नावाची बिनचरबीची बिस्किटं आणली; चरबीच्या जागी साखर होती, पण डब्यावर 'फॅट-फ्री' लिहिलेलं पाहून लोक डबेच्या डबे रिकामे करायला लागले. तेव्हापासून तिथले आहारशास्त्रज्ञ या प्रवृत्तीला त्या बिस्किटाचंच नाव देतात.

आता आक्षेप. पहिला असा, की डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय आणि तुम्ही त्यावर विनोद करताय. डॉक्टरांचं अगदी बरोबर आहे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल लागतं, म्हणजे महिन्याला दीड किलोहून जास्त. माणशी महिना अर्धा लिटर पुरे, असं आहारतज्ज्ञ सर्रास सांगतात. पंतप्रधानांनीही २०२५ च्या फेब्रुवारीत 'मन की बात'मध्ये तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं. बिनतेले ते आवाहन आपल्यालाच उद्देशून होतं असं समजतात आणि एकदम नव्वद टक्क्यांवर जातात. पण माणशी दीड किलोचा हिशेब आपल्या घराला लावून पाहा. चौघांच्या घरात महिन्याला सहा-साडेसहा किलो तेल फोडणीला जातं का? बहुतेक घरांत नाही. त्या आकड्यात हॉटेल आहे, वडापावची गाडी आहे, बेकरी आहे आणि पाकिटातलं सगळं आहे. म्हणजे बिनतेले जिथे पहारा देताहेत तिथून चोरी कमीच होते. एवढंच नव्हे, तर डॉक्टर तेल किती याबरोबर कोणतं हेही सांगत असतात. वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट घातक, म्हणून २०२२ पासून देशात त्यांना दोन टक्क्यांची मर्यादा घातली गेली. उलट अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडी चरबी लागतेच. गाजराच्या कोशिंबिरीवर चमचाभर फोडणी घालणाऱ्या आज्यांना यातलं काही माहीत नव्हतं. कोशिंबीर मात्र बरोबर होत होती.

दुसरा आक्षेप अधिक जोरदार आहे : जिभेला सवय लागते, थोडा धीर धरा. यातही तथ्य आहे. कमी तेलाची, कमी मिठाची, कमी गोडाची सवय लागते, हे पथ्य पाळणाऱ्या कुणालाही विचारावं. पण सवय लागते ती साध्या पदार्थाची, नकलेची नाही. मुगाच्या साध्या वरणाची सवय लागेल, कारण ते आपण काय आहोत हे लपवत नाही. ओट्सची भजी दरवेळी जिभेला खऱ्या भजीची आठवण करून देते आणि दरवेळी तिची निराशा करते. आणि साध्या पदार्थांची आपल्याकडे वाण कुठे आहे? ज्वारी-बाजरीच्या भाकरीत तेलाचा थेंब नसतो. निखाऱ्यावर नाहीतर गॅसवर भाजलेलं वांगं, त्यात दही, हिरवी मिरची, कांदा, भरीत झालं. केळीच्या पानात थापलेली पानगी, नाचणीची आंबील, मुगाचं कढण, मेतकूट-भात, भाजलेला पापड, ताक. यांतला एकही पदार्थ बिनतेलाचा म्हणून कुणी शोधून काढलेला नाही. तो तसाच होता. हे बिनतेल्यांच्या पुस्तकात नसतं, कारण त्याच्यापुढे 'तेलाची बचत' असं लिहिता येत नाही. जे खर्चच होत नव्हतं त्याची बचत कशी दाखवणार?

शिवाय तळणाचं काय करायचं, हेही आपल्या घरांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. सुतकात कढई चढत नाही. तळण हे आनंदाचं लक्षण, म्हणून ते सणाला, कार्याला, जावयाला, एरवी नाही. पुरी श्रीखंडाबरोबर यायची, आणि श्रीखंड पाडव्याला. आहारशास्त्राचा एक शब्द न उच्चारता या रिवाजानं तळणाची वर्षातली वारंवारता बांधून टाकली होती आणि त्यासाठी वजनकाटा लागत नव्हता. बिघडलं ते सण रोजचा झाल्यामुळे. सोमवारी ऑफिसात वाढदिवसाचे सामोसे, बुधवारी स्टेशनवर वडा, शनिवारी घरपोच मागवलेलं काहीतरी, आणि रोज चार वाजता फरसाण. हे सगळं बिनातक्रार चालू ठेवून बिनतेले रविवारी सकाळी दुधीच्या फोडणीतला चमचा मोजायला बसतात. त्यांच्या निश्चयाला तोड नाही. फक्त तो निश्चय तेलाच्या किटलीवर न वापरता वाण्याच्या दुकानात वापरला, तर तिथे काम जास्त होईल आणि भांडीही कमी पडतील.

तेव्हा आपल्या घरात बिनतेले असतील तर त्यांचं पुस्तक लपवू नका, वजनकाटाही राहू द्या. त्यांना भाकरी थापायला शिकवा. पहिल्या दहा-बारा भाकऱ्यांतच पुस्तक आपोआप बाजूला पडेल. रोजच्या भाजीला चमचाभर तेलाची नीट फोडणी द्या, चकल्या दिवाळीलाच करा आणि तेलातच तळा. आणि महिन्याच्या यादीतली फरसाण ही एक ओळ खोडा. पुढच्या रिपोर्टात काही उतरायचं असेल, तर ते त्या ओळीमुळे उतरेल.