नाव टाका, सापडेल

टीव्हीवरच्या जाहिरातींनी पत्ता द्यायचं बंद केलंय, हे आमच्या घरात सगळ्यांत आधी बाबांच्या लक्षात आलं. बाबा दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’च्या काळातले. रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक प्रश्न विचारणार, पडद्यावर पत्ता येणार आणि बाबा तो पिनकोडसकट जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेणार. त्या कार्यक्रमाला इतकी कार्डं जायची की टपाल खात्यानं स्पर्धांसाठी दोन रुपयांचं वेगळं पोस्टकार्ड काढलं. बाबांचं बक्षीस अजून यायचंय, पण सवय राहिली. पुढे ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’वाले पत्ते आले, तेही त्यांनी टिंबं न गाळता उतरवले. आता पडद्यावर नुसती पांढरी चौकट येते, तिच्यात नाव आपोआप टाइप होतं, ‘टिक’ असा आवाज होतो आणि एक प्रसन्न बाई सांगते, “आजच सर्च करा!” बाबा पेनचं टोपण काढून बसलेले.

“पण हे लोक राहतात कुठे?”

वसईच्या आमच्या एव्हरशाईन सिटीत पावसाळ्यात वीज येऊन-जाऊन असते. त्यामुळे इन्व्हर्टरची जाहिरात लागली की आमच्याकडे सगळे गप्प होतात. एका संध्याकाळी तशीच एक लागली. चौकट आली, नाव टाइप व्हायला लागलं, सुरुवातीची दोन-तीन अक्षरं उमटली आणि वीज गेली. कंपनीला आपल्या मालाची याहून चांगली जाहिरात करता आली नसती.

“असू दे बाबा,” अंधारात मी म्हणालो, “हल्ली पत्ता लागत नाही. नाव टाकलं की सापडतं.” हे मी ज्या सुरात म्हणालो, तो सूर पुढे कित्येक आठवडे माझी नक्कल करण्यासाठी घरात वापरला गेला.

तसं माझं म्हणणं अगदीच अडाणी नव्हतं. जपानमध्ये जाहिरातीत सर्चची चौकट दाखवायची तऱ्हा रुळून वीसेक वर्षं झाली. तिथल्या प्रेक्षकाला रोमन लिपीतला लांबलचक पत्ता लक्षात ठेवण्यापेक्षा आपल्या लिपीतले दोन शब्द टाकणं सोपं जातं. आपल्याकडे तर 27 ऑगस्ट 2014 ला ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन सुरू झालं, त्यात मराठीही आहे. म्हणजे अख्खा पत्ताच मराठीत टाकायची सोय आहे. ती वापरणारा माणूस मला अजून भेटायचाय.

माझ्यापाशी होती दोन-तीन अक्षरं आणि जाहिरातीची चाल. स्पेलिंगमध्ये ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, ‘आय’ एक की ‘ई’ दोन, यावर घरात मतदान झालं. शेवटी टायपिंगचा नाद सोडून मी मोबाईलला ते नाव तोंडानं सांगितलं. त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. मोबाईलनं आधी शिट्ट्या न होणारे कुकर दाखवले आणि दुसऱ्या खेपेला इन्व्हर्टर.

ओळीनं नावं आली. वरच्या काहींवर बारीक अक्षरांत ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहिलेलं होतं. पण दहावीच्या गुणवत्ता यादीवर वाढलेल्या माणसाला, जो सगळ्यांत वर तोच हुशार, असंच वाटतं. मी पहिल्याला फोन लावला.

वरची जागा पैसे मोजून मिळते हे अमेरिकेतल्या पाँटियाक या मोटारींच्या ब्रँडनंही अनुभवलं. 2006 मध्ये त्यानं टीव्हीवर सांगितलं की आमच्या शब्दावर जाऊ नका, गुगलवर ‘पाँटियाक’ शोधा. लोक शोधायला गेले, तर प्रतिस्पर्धी माझदानं त्याच शब्दावर आपली जाहिरात लावून ठेवलेली. टीव्हीचा खर्च एकाचा, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. आपल्याकडे ‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’वाले हेच गाऱ्हाणं घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 10 ऑगस्ट 2023 च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की दुसऱ्याचं नाव कीवर्ड म्हणून वापरणं हा त्या नावाचा वापरच. गुगलला त्यातून हात झटकता येणार नाहीत. पण ग्राहकाचा गोंधळ उडत नसेल, तर नुसत्या तेवढ्यानं हक्कभंगही होत नाही. गोंधळ उडालेला ग्राहक हवा असता तर मी वसईहून आनंदानं गेलो असतो.

फोनवरचा माणूस इतका अदबीनं बोलला की तुम्ही टीव्हीवरचेच का, हे विचारायला मला संकोच वाटला.

“पत्ता, सर?”

“एव्हरशाईन.”

“माहितीये, सर!”

त्याला माहीत होतं ते मालाडचं एव्हरशाईन नगर. त्याचा माणूस भर पावसात तिथे जाऊन मला शिव्या घालून परतला. पुढच्या खेपेला तो विरारच्या ग्लोबल सिटीत, एव्हरशाईन अव्हेन्यूला पोचला. मग मात्र मी खुलासेवार सांगितलं, “वसई रोडला पूर्वेला उतरा. शेअर रिक्षात बसा, एव्हरशाईन सिटी म्हणा. उतरलात की माझं नाव कोणालाही विचारा.”

पूर्ण पत्ता का नाही सांगितला? कारण तो माझा मलाच नीट सांगता येत नाही. बिल्डिंगचं नाव साईबाबांवरून आहे. शेजारच्या दोन्ही बिल्डिंगींचंही आहे. मग विंग, मग सेक्टर, मग खाणाखुणा. आधार कार्डावर जिल्हा अजून ठाणे आहे, कारण 1 ऑगस्ट 2014 ला आमचं घर जागच्या जागी राहून पालघर जिल्ह्यात गेलं. एवढं सगळं सांगण्यापेक्षा नाव विचारा म्हणणं सोपं.

त्यानं विचारलं. नेमकं आमच्या कोपऱ्यावरच्या बॅटरीच्या दुकानात.

“तो इन्व्हर्टरवाला फ्लॅट ना?” दुकानदार म्हणाला. “त्यांचं कालच झालं काम.” माणूस रिक्षात बसून परत गेला आणि दहाव्या मिनिटाला दुकानदार स्वतः, एका पोऱ्याच्या खांद्यावर बॅटरी देऊन, आमचे तीन जिने चढून आला. वर पाँटियाक, खाली माझदा.

इन्व्हर्टर बसला, पंखा फिरला. बाबांनी पेन काढलं आणि दुकानाचं कार्ड मागितलं.

“कार्ड कशाला काका? मोबाईलवर आमचं नाव टाका, लगेच येतं.”

बाबांनी माझा मोबाईल घेतला आणि एकेक अक्षर दाबत दुकानाचं नाव टाकलं. सगळ्यांत वर जाहिरात आली ती टीव्हीवरच्या त्याच कंपनीची. पूर्ण नाव, स्पेलिंगसकट.

दुकानदारानं वाकून पाहिलं.

“यांचा माल एक नंबर असतो हं, काका. माझ्या घरी हाच लावलाय.”