पेटीतले इंजिन आणि पटाचा वारसा : एक कौटुंबिक निवेदन

इंडियानापोलिस, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा

तीर्थरूप आबा व मातोश्री, मु. पो. रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा, यांच्या सेवेशी.

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ धावपट्टीवर दोन मोटारी शेजारी उभ्या करून सामान्यतः पाव मैल, अर्थात सुमारे ४०२ मीटर, अंतर कोणती आधी कापते हे पाहण्याची शर्यत होय. तीत वळण नसते, फेरी नसते, आणि सगळा निकाल दहा-पंधरा सेकंदांत लागतो. म्हणून तिचे सर्वांत जवळचे नाते विदर्भातील शंकरपटाशी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीशी, जुळते. अमेरिकेत या खेळाचे नियमन वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन करते. १९६३ पासून झेंडीवाल्याची जागा ‘ख्रिसमस ट्री’ नावाच्या दिव्यांच्या खांबाने घेतली असून, हिरवा दिवा लागण्यापूर्वी सुटणाऱ्यास लाल दिवा लागतो व तो बाद होतो. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि महाराष्ट्रात २०२१ च्या डिसेंबरात त्यांना सशर्त परवानगी मिळाली. या मधल्या काळात पट थांबला तरी पटाचे वेड थांबले नाही, ते समुद्र ओलांडून चिरंजीवांच्या गॅरेजात उतरले, हे प्रस्तुत निवेदनाचे प्रमेय आहे.

चिरंजीवांनी निवडलेला ‘स्टॉक’ वर्ग म्हणजे कारखान्यातून निघालेल्या मोटारींचा वर्ग. गाडीच्या वजनास नियमावलीत तिच्या इंजिनासाठी मानलेल्या अश्वशक्तीने भागले की तिचा उपवर्ग ठरतो. ३,४०० पौंडांच्या गाडीस ३४० अश्वशक्ती मानली, तर प्रत्येक अश्वाच्या वाट्याला दहा पौंड येतात. भिन्न उपवर्गांच्या गाड्या समोरासमोर आल्यास चालक आपला अपेक्षित वेळ काचेवर लिहितो. एकाने १२.५० व दुसऱ्याने ११.२० सेकंद लिहिले, तर पहिल्याला १.३० सेकंद आधी सोडतात. मात्र लिहिलेल्यापेक्षा जो अधिक वेगाने धावतो, तो सामान्यतः हरतो. जास्त पळाला म्हणून हरलेला बैल आबांच्या पाहण्यात नसावा. येथे वेगाइतकीच किंमत शब्दाला आहे, ही बाब मातोश्रींना विशेष आवडेल असा चिरंजीवांचा अंदाज आहे.

क्रेट इंजिन म्हणजे कारखान्यात जुळवून, लाकडी पेटीत बांधून विकले जाणारे नवे इंजिन होय. जुन्या इंजिनाचा एकेक भाग शोधत बसणे हे वासरू वाढवून पटाला उतरवण्यासारखे, तर क्रेट इंजिन घेणे हे बैलबाजारातून तयार खोंड आणण्यासारखे आहे. परंतु नियमावलीच्या यादीत असलेलेच इंजिन चालते, त्याचे पिस्टन व कॅम ठरलेल्या मापांबाहेर जाऊ शकत नाहीत, आणि शर्यतीनंतर तपासनीस ते उघडून मोजू शकतात. यावरून कामाचा शास्त्रशुद्ध क्रम असा निघतो : प्रथम नियमावली, मग उपवर्ग, त्याला साजेशी गाडी, तिचे वजन, हेल्मेट-पट्ट्यांसह सुरक्षेचे साहित्य, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल व टायर, आणि सर्वांत शेवटी इंजिन. चिरंजीवांनी इंजिन प्रथम घेतले. ते ३५० घनइंची, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचे, शेव्हरोलेचे व्ही-८ असून, गोठा बांधण्याआधी बैल आणण्याची ही पद्धत घराण्यात पूर्वापार आहे, असे त्यांचे समर्थन आहे.

या विषयावर कुटुंबात दोन पक्ष आहेत. सूनबाईंच्या पूर्वपक्षानुसार, पुलगाव–आर्वी या ३५ किलोमीटरच्या अरुंदमापी मार्गावरील ‘शकुंतला’ आगगाडीच्या वेगावर ज्यांचे बालपण निभावले, त्यांना बारा सेकंदांची घाई शोभत नाही, आणि गॅरेजात ज्या जागी इंजिन आहे त्या जागी पूर्वी लोणच्याच्या बरण्या होत्या. चिरंजीवांचा उत्तरपक्ष असा की, धुरकरी, अर्थात पटाची जोडी हाकणारा, जसा शरीराने हलका व मनाने थंड लागतो, तसाच येथील चालकही लागतो. हलकेपणाबाबत सूनबाईंनी वजनकाट्याचा पुरावा सादर केल्यामुळे तो भाग प्रलंबित आहे. गाडी अद्याप आलेलीच नसल्याने हा सर्व वाद ‘बाजारात तुरी’ या कोटीत मोडतो, हे दोन्ही पक्षांस मान्य आहे.

काल पोळा झाला. त्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, हा नियम इंजिनाने काटेकोर पाळला; किंबहुना पेटीतून निघाल्यापासून ते रोजच पोळा पाळत आहे. पेटीच्या फळ्यांपासून नातवाने, सिंदी (रेल्वे) येथील नंदींची छायाचित्रे पाहून, चाकांचा लाकडी बैल केला व आज तान्ह्या पोळ्याला दारातून फाटकापर्यंत ओढत नेला. या प्रकल्पातून आजवर चाकांवर धावलेली ती एकमेव वस्तू असून, तिचा वेळ सूनबाईंनी घड्याळ लावून नोंदवला आहे.

आबांनी जोडी निवडताना प्रथम काय पाहावे ते उलटटपाली कळवावे. खर्चाचा आकडा त्यानंतर कळवण्यात येईल.